सेमिनरीत वकील आणि नर्स काय शिकवतात?

ताई, सलाम.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलाने बारावीनंतर पाळक, म्हणजे चर्चचा धर्मसेवक, होण्याच्या शिक्षणासाठी नाशिकच्या एका सेमिनरीत अर्ज केलाय. माहितीपत्रकातल्या शिक्षकांच्या यादीत पूर्णवेळ थोडे आणि अर्धवेळ त्यांच्या दुपटीहून जास्त. त्या अर्धवेळांत एक वकील, एक निवृत्त नर्स, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, जिल्हा परिषदेच्या शाळेतले एक जुने शिक्षक, शहरातल्या दोन मंडळ्यांचे (चर्चच्या स्थानिक समाजांचे) पाळक आणि एक तबलावादक. यादी पाहून तुमचे भाऊ म्हणाले, "हे देवाचं शिक्षण की कोचिंग क्लास?" मनमाडहून मुलाला अशा ठिकाणी पाठवावं का, असं तुम्ही विचारताय.

सेमिनरीत अभ्यासक्रम आणि वेळापत्रक सांभाळण्याचं काम मी नाशिकमध्ये बरीच वर्षं केलंय. अर्धवेळ शिक्षक शोधणं, त्यांना तयार करणं आणि त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसून ऐकणं हा त्या कामाचा मोठा भाग होता. त्यावरून सांगतो की आकड्यांवर जाऊ नका. कोणता विषय कोणाच्या हाती दिलाय, ते बघा. जुना करार, नवा करार, ख्रिस्ती सिद्धांत आणि बायबलच्या मूळ भाषा (हिब्रू, ग्रीक) आवारात राहणाऱ्या, त्याच अभ्यासात मुरलेल्या माणसांकडे असतील आणि बाकीचं बाहेरून येणाऱ्यांकडे असेल, तर ती यादी चांगली आहे. उलटं असेल तर मात्र थांबून विचार करा.

अर्धवेळ शिक्षक इतके का असतात, याचं पहिलं कारण पैसा, ते लपवण्यात अर्थ नाही. सेमिनरी फीवर चालत नाही. निम्म्याहून जास्त मुलांची फी त्यांची मंडळी किंवा कोणी दाता भरतो. पूर्णवेळ शिक्षक ठेवायचा तर पगार, क्वार्टर, त्याच्या मुलांच्या शाळा हे सगळं आलं. तासिका तत्त्वावर येणाऱ्याला मानधन आणि जाण्यायेण्याचा खर्च दिला की भागतं. पण पैसे भरपूर असते तरी मी त्या वकिलांना आणि नर्सबाईंना बोलावलंच असतं.

वकिलांपासूनच सुरू करतो, कारण तुमच्या भावांचा आक्षेप तिथेच जास्त दिसतो. पाळक झालेल्या मुलाला पहिल्याच वर्षी लग्न लावायचं असतं. ते लग्न १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली लागतं. त्या कायद्यात लग्नाची वेळ सकाळी ६ ते संध्याकाळी ७ अशी घातलेली आहे, काही चर्चच्या दीक्षित सेवकांना त्यात सूट आहे. बिशप नसलेल्या स्वतंत्र मंडळीच्या पाळकाला लग्न लावण्यासाठी परवाना लागतो, आणि अधिकार नसताना लग्न लावलं तर कलम ६८ प्रमाणे दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गावोगावी उत्साहाने लग्नं लावणाऱ्या किती तरुण पाळकांना हे माहीत असतं? पुढे कोणाचा मृत्यू झाला की दुखवट्याच्या घरी तिसऱ्या दिवशी पाळकालाच विचारतात, घर कोणाच्या नावावर होणार? १९२५ च्या वारसा कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र नसेल आणि मुलं असतील, तर ख्रिस्ती विधवेला एक तृतीयांश आणि मुलांना दोन तृतीयांश, मुलगा-मुलगी समान. हे एक वाक्य पाळकाला नीट सांगता आलं तर एखाद्या विधवेचं घर वाचतं. ते सांगता यावं म्हणून वकील हवा.

मंडळीची जमीन हा तर आपल्याकडचा जुना दुखरा विषय. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० चा. त्याच्या कलम ३६ प्रमाणे ट्रस्टची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट (बदलाची नोंद करायचा अर्ज) दाखल करावा लागतो. तो वेळेवर दाखल न केल्यामुळे कोण खरा विश्वस्त याचे वाद वर्षानुवर्षं चालतात आणि त्यात मंडळी दुभंगते. आमच्याकडे येणारे वकील दिवसभर जिल्हा न्यायालयात असायचे आणि संध्याकाळी वर्गात यायचे. नावं झाकून खऱ्या फायलींमधले कागद मुलांपुढे ठेवायचे. वर्ग संपला तरी मुलं उठत नसत.

त्यांचा एक तास तुमच्या मुलाने कधीच चुकवू नये, तो म्हणजे पॉक्सो कायद्याचा. २०१२ च्या या कायद्यात, मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. पाळक, संडे स्कूलचा शिक्षक, वसतिगृहाचा वॉर्डन, कोणीही त्यातून सुटत नाही. "मंडळीत मिटवून टाकू" असं म्हणणारा स्वतः गुन्हा करतो. सिद्धांताचा प्राध्यापक हे सांगू शकेल, पण ज्याने अशा खटल्यात मुलाची साक्ष होताना पाहिली आहे, त्याने सांगितलेलं मुलांच्या मनातून जात नाही.

आता नर्सबाई. निवृत्तीपर्यंत वॉर्डात राहिलेली बाई पाळकीय सेवा शिकवते, यावर सुरुवातीला आमच्याही काही जुन्या मंडळींनी नाकं मुरडली होती. पण दवाखान्यात भेटीला जाणं हे पाळकाचं जवळपास रोजचं काम. रुग्णाच्या खाटेवर बसायचं नाही, किती वेळ थांबायचं, मोठ्याने प्रार्थना केली तर शेजारच्या खाटेवरच्या माणसाला काय वाटतं, मरणाच्या दारात असलेल्याला पाणी पाजायला नातेवाईक सांगतात तेव्हा आधी सिस्टरला का विचारायचं, हे पुस्तकात नसतं. त्याहून मोठी गोष्ट औषधांची. आमची बरीच मुलं सुरगाणा, पेठ, नवापूर, धडगाव अशा भागांतून येतात. तिथे फिट आली की लोक आधी भगताकडे नेतात, आणि ख्रिस्ती घर असेल तर पाळकाकडे. नर्सबाईंचा नियम एकच होता: प्रार्थना जरूर करा, गोळ्या बंद करायला कधीही सांगू नका. क्षयाचं साधं औषध किमान सहा महिने चालतं. दोन महिन्यांत बरं वाटलं म्हणून "देवाने बरं केलं, आता गोळ्या कशाला" असं पाळक म्हणाला, तर रोग परत येतो आणि औषधाला दाद देईनासा होतो. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचंही तसंच. आदिवासी पट्ट्यात तो जास्त आढळतो. आईवडील दोघेही वाहक असले तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता पंचवीस टक्के असते. लग्नाआधी मुलामुलीशी बोलायला पाळक बसतो, तेव्हा रक्ततपासणीचा विषय काढणारा तोच असू शकतो. नर्सबाईंच्या वर्गातून गेलेला पाळक तो विषय काढतो. मी हे आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या मंडळ्यांत जाऊन पाहिलंय.

बँकेतल्या गृहस्थांबद्दल थोडक्यात. अर्पणाचे पैसे दोघांनी मिळून मोजायचे, पावतीपुस्तकाला क्रमांक हवेत, परदेशातून देणगी घ्यायची तर एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी हवी आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ते पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच आले पाहिजेत. एवढं समजलं तरी अर्धी भांडणं टळतात. बाहेरच्या माणसाने हे शिकवलेलं बरं, कारण तो मंडळीच्या राजकारणात नसतो.

जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकांविषयी मात्र मला सविस्तर बोलायचंय. यादीत त्यांचा विषय बहुतेक "मराठी भाषा व वाचन" असा असेल आणि तुम्ही तो ओलांडून पुढे गेला असाल. सेमिनरीत येणाऱ्या मुलांपैकी कित्येकांची घरची भाषा मावची, भिली, पावरी किंवा कोकणा असते. मराठी त्यांनी शाळेत शिकलेली. आता त्या मुलाने मराठीतून सिद्धांत समजून घ्यायचा, त्यावर परीक्षेत लिहायचं आणि वर ग्रीक शिकायचं. पहिल्या सहा महिन्यांत मुलं गप्प होतात. पूर्णवेळ प्राध्यापक, तेही पुण्या-मुंबईत शिकलेले, त्या गप्प बसण्याला आळस समजतात. सुरगाण्याकडे उभी नोकरी केलेला शिक्षक तसं समजत नाही. त्याला त्या मुलाच्या बोलीतले चार शब्द येतात, त्याच्या गावाची वाट माहीत असते, आणि उपासनेत शास्त्रपाठ मोठ्याने वाचायला कसं शिकवायचं हे त्याने पहिलीच्या वर्गात हजार वेळा केलेलं असतं. आमच्याकडचे गुरुजी मुलांना स्तोत्रसंहिता मोठ्याने वाचायला लावायचे. दम कुठे घ्यायचा, शब्द कुठे तोडायचा नाही, एवढंच सांगायचे. वर्ष संपताना तीच मुलं व्यासपीठावर उभी राहून वाचायची आणि ऐकणाऱ्यांना शब्द न् शब्द कळायचा. त्या मुलांमधले जे आज पाळक आहेत, त्यांना सेमिनरीतलं कोण आठवतं असं विचारलं, तर बहुतेक जण याच गुरुजींचं नाव घेतात. मानधनाच्या यादीत ते सर्वांत खाली असायचे, ही गोष्ट मला आजही बोचते.

शहरातले पाळक उपदेशशास्त्र शिकवतात आणि ते योग्यच आहे. रविवारी केलेला उपदेश सोमवारी वर्गात उलगडून दाखवणारा माणूस हवा: कुठे लोकांचं लक्ष गेलं, कुठे आपणच भरकटलो. त्यांची अडचण वेगळी असते. नाताळ, लेंट, पवित्र सप्ताह आला की त्यांचे तास बुडतात, मंडळीत कोणी वारलं की बुडतात. तास बुडणारच, म्हणून चांगली सेमिनरी त्यांचा अभ्यासक्रम त्या हिशेबाने आखते आणि राहिलेले तास भरून घेते. मुलाखतीला गेलात तर हे नक्की विचारा.

तबलावादकाबद्दल तुमच्या भावांना एवढंच सांगा की महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती उपासनेला भजन आणि कीर्तन देणारे नारायण वामन टिळक यांचं शिक्षण नाशिकचं. १८९५ साली बाप्तिस्मा झाल्यावर ते अहमदनगरला (आता अहिल्यानगर) गेले आणि तिथल्या सेमिनरीत शिकवू लागले. ते आले ते कवी म्हणून, संस्कृतचे जाणकार म्हणून, तुकोबांच्या अभंगात वाढलेले म्हणून. धर्मशास्त्राची पदवी त्यांच्याकडे नव्हती. खेड्यातल्या मंडळीत ऑर्गन नसतो, ढोलकी असते. भजनी ठेका आणि केरवा धरता आला नाही तर तरुण पाळकाची पहिली उपासना लंगडी पडते. आणि त्यांच्या पत्नी, 'स्मृतिचित्रे'च्या लेखिका लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण घ्या. नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८ साली जन्म, शाळेचं तोंड पाहिलं नाही, अक्षरओळख लग्नानंतर. १९३६ साली नाशिकलाच त्या गेल्या. आज त्या असत्या आणि सेमिनरीत शिकवायला आल्या असत्या, तर "शैक्षणिक पात्रता" या रकान्यात काय लिहिलं असतं? आणि तरी त्यांच्याकडून शिकायला कोण गेलं नसतं?

शास्त्रातच याला आधार आहे. नव्या करारातल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायात अपुल्लोस येतो, मोठा वक्ता, शास्त्रात निपुण. त्याला मार्ग अधिक नीट समजावून सांगतात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला, राहुट्या शिवून पोट भरणारं जोडपं. प्रेषित पौलही त्यांच्याबरोबर तेच काम करत होता. पण हाच पौल यहूदी धर्मगुरू गमलिएलाच्या पायाशी बसून शिकला होता, हेही त्याच पुस्तकात आहे. माझं सगळं म्हणणं या दोन्ही गोष्टी बरोबर धरूनच आहे.

कारण आता दुसरी बाजू. जुना करार शिकवायला वकील चालत नाही. हिब्रू तर अर्धवेळ माणसाकडे देऊच नये. बावीस अक्षरं, उजवीकडून डावीकडे लिहायची. आठवड्यात ती मुलं शिकतात, पण क्रियापदांची रूपं रोज घोटावी लागतात. पुण्याहून एखादे विद्वान दहा दिवस येऊन सकाळ-संध्याकाळ हिब्रू शिकवून गेले तर परीक्षा होते, महिन्याने काही उरत नाही. पंडिता रमाबाई केडगावला एवढा मोठा व्याप सांभाळून हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सगळं बायबल मराठीत आणलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली छापून आलं. असं काम रोजच्या बैठकीशिवाय होत नाही. आपल्या मुलांना त्या वारशात उभं करायचं तर शेजारच्या खोलीत राहणारा हिब्रूचा शिक्षक लागतो. एखाद्या कालखंडाचा चर्चचा इतिहास, नीतिशास्त्र किंवा दुसऱ्या धर्मांचा परिचय असे विषय मात्र दहा दिवसांच्या सलग वर्गात छान होतात. वारकरी परंपरेवर बोलायला त्या परंपरेत वाढलेले प्राध्यापक बोलावले, तर मुलांना शेजाऱ्याचा विश्वास त्याच्याच तोंडून ऐकायला मिळतो. मी तर तो विषय दुसऱ्या कोणाला देणारच नाही.

मूळ विषयांसाठी पात्रतेची चौकशी अवश्य करा. सेमिनरी सेरामपूरच्या सिनेटशी संलग्न असेल (हे बंगालमधलं सेरामपूर, आपलं नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे, कॉलेज १८१८ चं, १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाची सनद मिळालेलं), तर बी.डी.ला (धर्मशास्त्राची पदवी) मूळ विषय शिकवणाऱ्याकडे त्या विषयातली एम.टीएच. (पदव्युत्तर पदवी) असावी अशी अपेक्षा असते. आशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची मान्यता असेल तर तीही चालते; दोन्ही नसून फक्त संस्थेचं स्वतःचं प्रमाणपत्र असेल, तर पुढे मोठ्या सेमिनरीत प्रवेश मिळणं कठीण जातं, हे मुलाला आधी कळू द्या. कॅथलिक सेमिनरीत नियम आणखी कडक असतात. चर्चच्या विधिसंहितेच्या कलम २५३ प्रमाणे तत्त्वज्ञान, धर्मशास्त्र आणि चर्चचा कायदा शिकवणाऱ्याकडे रोमची मान्यता असलेल्या विद्यापीठाची लायसेंशिएट (डॉक्टरेटच्या खालची पदवी) किंवा डॉक्टरेट हवी. त्यामुळे त्यांचे बाहेरून येणारे शिक्षक बरेचदा दुसऱ्या संघाचे फादर किंवा पुण्याच्या ज्ञानदीप या कॅथलिक संस्थेतले असतात. तुमच्या मुलाचा प्रश्न तिथला नाही, म्हणून इथेच थांबतो.

सेरामपूरचा विषय निघालाच आहे तर तुमच्या भावांना आणखी एक गोष्ट सांगा. त्या कॉलेजच्या संस्थापकांपैकी विल्यम कॅरी मूळचे चांभारकाम करणारे. १८०१ पासून ते कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली आणि संस्कृत शिकवत, पुढे मराठीही. वैजनाथ पंडितांच्या मदतीने त्यांनी मराठी शिकून १८०५ साली मराठी व्याकरण छापलं. त्या नोकरीचा पगार मिशनच्या कामाला जात असे. दुसरीकडची नोकरी सांभाळून शिकवणाऱ्यांचा मान आपल्याकडे तेव्हापासूनचा आहे.

यादीत कोणत्या पार्श्वभूमीची मला भीती वाटते, तेही सांगतो. नावाआधी "डॉ." आहे पण कुठल्या विद्यापीठाची, कोणत्या विषयावर प्रबंध, याचा उल्लेख नाही, तिथे विचारा. मानद डॉक्टरेट विकत मिळतात आणि आपल्या मंडळ्यांत त्यांचा सुळसुळाट झालाय. यादीतले निम्मे अर्धवेळ शिक्षक संस्थापकांच्या घरातले असतील तर तिथे कोणी "हे बरोबर नाही" असं म्हणू शकत नाही, आणि ज्या सेमिनरीत हे म्हणता येत नाही तिथे मुलगा चुकीचं नेतृत्व शिकून येतो. एकच माणूस पाच-सहा बायबल कॉलेजांच्या यादीत दिसला तर तो कुठेच शिकवत नाही, असं धरून चाला. आणि परदेशी पाहुण्यांची नावं शिक्षक म्हणून छापलेली असतील, तर ते वर्षातून किती दिवस येतात आणि दुभाष्या कोण असतो, एवढं विचारायला लाजू नका.

शेवटची चौकशी अर्धवेळ शिक्षकांना संस्था कसं वागवते याची करा. त्यांना वर्षाच्या सुरुवातीला अभ्यासक्रम लेखी मिळतो का? ग्रंथालयाचं कार्ड आहे का? शिक्षकांच्या बैठकीला बोलावतात का? मानधन वेळेवर मिळतं का? एका ठिकाणी मी असं पाहिलंय की बाहेरून येणाऱ्यांना बसायला खुर्चीही नव्हती, ते व्हरांड्यात उभं राहून घंटेची वाट पाहायचे. अशा जागी चांगली माणसं दोन वर्षं टिकत नाहीत, आणि त्यांनी वर्गात पाहिलेल्या गोष्टी कोणापर्यंत पोचत नाहीत. एखादा मुलगा जेवत नाहीये, रडतोय, पैशांच्या अडचणीत आहे, हे कित्येकदा आधी दिसतं ते आठवड्यातून एकदा येणाऱ्यालाच, कारण त्याला बदल चटकन जाणवतो. ते त्याने कोणाला सांगायचं, याची सोय हवी. आमच्याकडे प्रत्येक सहा-सात मुलांमागे एक निवासी शिक्षक असायचा आणि अर्धवेळ शिक्षक त्यालाच गाठून सांगायचे. तुम्ही बघताय त्या सेमिनरीत रात्री नऊ वाजता मुलाला कोणाचं दार वाजवता येईल, हे प्राचार्यांना विचारा. उत्तरात एक नाव मिळालं पाहिजे.

मुलाखतीच्या दिवशी तुमच्या पाळकसाहेबांचं शिफारसपत्र, बाप्तिस्म्याचा आणि दृढीकरणाचा दाखला, गुणपत्रिका आणि आजारपणाची काही फाईल असेल तर ती न्या. शक्य असेल तर सोमवारी जा. शहरातल्या पाळकांचे तास बहुधा सोमवारी असतात. परवानगी घेऊन मुलाला एका तासाला मागे बसू द्या आणि तुम्ही तेवढ्यात कार्यालयातून वेळापत्रकाची प्रत मागून घ्या. माहितीपत्रकात नसतं ते त्यात असतं: प्रत्येक विषयापुढे शिक्षकाचं नाव आणि आठवड्याचे तास. जुना करार, नवा करार, सिद्धांत, हिब्रू, ग्रीक या पाच ओळींवर पेन्सिलने खूण करा आणि त्यांच्यापुढची नावं आवारात राहणाऱ्यांची आहेत का, ते तिथेच विचारून घ्या.